सारंगखेड्याच्या यात्रेला निघण्याआधी: केबलची टोकं तपासून घ्या

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याची यात्रा भरते. तापीकाठचा घोडेबाजार, आकाशपाळणे, दुकानं, तंबू, आणि विजेचं सगळं काम उघड्यावर. मंडप-लाइट-साउंडवाल्यांनी गाडी भरायच्या आधी केबलच्या टोकांवर एक अख्खा दिवस घालवावा. बिघाड वायरच्या मधोमध क्वचितच होतो, तो टोकाशी होतो.

सुरुवात लाल पाच पिनी टॉपपासून, म्हणजे केबलच्या टोकाच्या प्लगपासून करा. तीन फेज, न्यूट्रल आणि अर्थ, 415 व्होल्टचं काम. तो 16, 32, 63 अँपिअर अशा मापांत येतो आणि 32 चा टॉप 63 च्या सॉकेटात बसतच नाही. म्हणून जनरेटरवाल्याच्या पॅनेलला कोणता सॉकेट आहे ते आजच फोनवर विचारून ठेवा. तिथे पोचल्यावर टॉप कापून उघड्या वायरी खोचण्याची वेळ कुणावरही येऊ नये. यात्रेत लहान पोरं फिरत असतात. सिंगल फेजला, म्हणजे 230 व्होल्टला, निळा तीन पिनी लागतो. करंट येतो त्या बाजूला कायम फिमेल (भोकांचा) सॉकेट हवा, कारण टॉप निघाल्यावर उघड्या पिना जिवंत राहता कामा नयेत.

आता प्रत्येक टॉप खोलून आत पाहा. स्क्रू ढिला असेल तर टर्मिनलशेजारचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसतं. तो टॉप बाजूला काढा, नुसता आवळून परत वापरू नका. वायरचे तार पिळून त्यावर शिसं लावायची सवय अजून बऱ्याच जणांना आहे. स्क्रूच्या दाबाखाली शिसं हळूहळू दबतं आणि जोड पुन्हा ढिला होतो. त्यापेक्षा तारांवर लग (धातूची टोपी) लावून क्रिम्पिंग करा, म्हणजे ती पकडीने दाबून बसवा. अर्थची हिरवी वायर आत बाकीच्यांपेक्षा बोटभर लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेलीच तर ती सगळ्यांत शेवटी तुटेल. याच कारणाने टॉपची अर्थ पिनही जाड आणि लांब असते: आधी लागते, शेवटी सुटते. ग्लँड, म्हणजे टॉपच्या तोंडाशी केबल आवळून धरणारा भाग, केबलच्या बाहेरच्या आवरणावर घट्ट बसलाय ना, तेही बघा.

न्यूट्रलवर तर दोनदा मीटर लावा. पाच पिनीतला न्यूट्रल सुटला तर कमी लोड असलेल्या फेजवर व्होल्टेज चढतं आणि 230 ची ॲम्प्लिफायर, एलईडी एका झटक्यात जळतात. पाळण्याची मोटर उलटी फिरली तर मात्र घाबरायचं कारण नाही. सप्लाय बंद करून दोन फेज अदलाबदल केले की झालं.

मार्गशीर्षात नदीकाठी पहाटे दव पडतं, दिवसा धूळ. सॉकेट धूळ-पाण्याला किती दाद देत नाही ते त्याच्या आयपी आकड्यावरून कळतं: आयपी 44 चा सॉकेट शिंतोड्यांपुरता असतो, जमिनीजवळच्या जोडांना रिंग फिरवून बंद होणारा आयपी 67 घ्या. केबलचं भेंडोळं पूर्ण सोडा, गुंडाळलेली केबल लोडवर तापते. पॅनेलला 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळू लागला की सप्लाय तोडणारा स्विच, असलाच पाहिजे, आणि त्याचं टेस्ट बटण निघण्याआधी दाबून पाहा.

साउंडचं थोडक्यात. माइकच्या तीन पिनी एक्सएलआर कनेक्टरमध्ये पहिली पिन शील्डची (वायरीभोवतीच्या जाळीची), दुसरी-तिसरी सिग्नलची. लाइट कंट्रोल करणाऱ्या डीएमएक्स लाइनलाही पुष्कळदा तोच तीन पिनी कनेक्टर असतो, पण त्याला माइकची केबल लावू नका, लांब अंतरावर लाइट फडफडतात. दोन्ही केबलींना वेगळ्या रंगाची टेप लावून ठेवा. स्पीकरला स्पीकॉन कनेक्टर लावा, फिरवून लॉक होईपर्यंत.

शेवटी ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांना गाडीतून करंट देणारा सात पिनी सॉकेट. त्याची 3 नंबरची पिन अर्थची. ती गंजली की इंडिकेटर दिला तर मागचे सगळे दिवे एकदम मंद लुकलुकतात, आणि माणूस बल्ब बदलत बसतो. पॉलिश पेपरने पिना घासा, एकाला मागे उभं करून डावा, उजवा, ब्रेक असं ओरडून तपासून घ्या. शहाद्याकडच्या रस्त्यावर रात्री उसाच्या गाड्या असतात.