बडनेऱ्याहून बँकॉकला निघताना या चुका टाळा

परदेशी सहलीचं गणित बहुतेकांचं तिकिटापासून सुरू होतं, आणि तिथंच ते चुकतं. मोबाइलवर भाडं उतरलेलं दिसतं, मित्रांना फोन जातात, आणि पासपोर्ट हातात नसतानाच पैसे भरले जातात. स्वस्त तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, ते दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही. आधी पासपोर्ट, मग गावापासून विमानतळापर्यंतची वाट, आणि त्यानंतर विमान.

पासपोर्ट आपल्याकडे अडतो तो नावात. दहावीच्या सनदेवर वडील ‘वसंत’, आधारवर ‘वसंतराव’, पॅनवर आडनावात एक ‘ए’ जास्त. अर्ज भरण्याआधी सगळे कागद समोर मांडून इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून बघा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून सनदेप्रमाणे आधार एकदाच नीट करून घ्या.

पत्त्याचंही तसंच. राहायचं पुण्याला आणि अर्जात पत्ता गावचा, असं पुष्कळ पोरं करतात. पोलीस चौकशीच्या वेळी माणूस घरी नसतो, ‘या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा जातो आणि काम थांबतं. सध्या जिथं राहता तोच पत्ता द्या. ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये लागतात, तत्काळला वरून २,०००. कागदच जुळत नसतील तर तत्काळनं काही सुटत नाही. दोन-तीन महिने हाताशी ठेवून साधा अर्ज करावा, घाईला पैसे मोजू नयेत. पासपोर्ट आधीच काढलेला असेल तर मुदत तपासा. पुष्कळ देश पोचल्यापासून सहा महिन्यांची मुदत मागतात.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. तिकिटावर ‘१५ तारीख, ००:४०’ असं असतं. ही १४ आणि १५ मधली रात्र. म्हणजे मुंबई विमानतळावर १४ तारखेला रात्री साडेनऊपर्यंत हजर पाहिजे, आणि त्यासाठी बडनेऱ्याहून गाडी १३ च्या रात्रीची. दर्यापूरकडच्या तीन मित्रांनी १५ चं विमान म्हणून १४ च्या रात्रीची गाडी धरली. मनमाडच्या अलीकडे गाडी धावत होती तेव्हा विमान सुटलंसुद्धा. पोरांना वाटलं, निदान परतीचं तिकीट तरी शाबूत आहे. पण जाणं-येणं एकाच बुकिंगमध्ये होतं, आणि जाताना हजर न राहिल्यामुळे परतीचंही रद्द झालं. हॉटेलचे पैसे वेगळेच गेले. हातात आलेल्या तिकिटाची तारीख आणि वेळ कागदावर लिहून त्यातून तीन तास वजा केले असते, तर हे टळलं असतं. ही वजाबाकी करायचा ज्याला कंटाळा येतो, त्यानं मध्यरात्रीचं विमान घेऊच नये.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे विमान आधी काढलं असेल तर तो दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. ऑनलाइन तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगमध्येच राहिलं तर आपोआप रद्द होतं. पावसाळ्यात इगतपुरी-कसारा घाटात गाड्या रखडतात. गाडी पोचण्याची वेळ आणि विमान यांत निदान बारा तास ठेवा. मुंबईत बसून राहण्याचा कंटाळा परवडतो.

व्हिएतनामच्या एका प्रवेशाच्या ई-व्हिसाला सरकारी संकेतस्थळावर २५ डॉलर लागतात, थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड फुकट आहे. गुगलवर सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातीवर बोट ठेवलं की दलालाच्या पानावर जाता आणि जास्तीचे पैसे मोजता. थायलंडचं कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं.

पैशांसाठी गावच्या बँकेचं साधं रुपे कार्ड एकटं नेऊ नका. देशाबाहेर चालतं का ते शाखेत विचारा, आणि चालत असेल तर परदेशी व्यवहार ॲपमधून सुरू करून घ्या. नव्या कार्डावर ते बंदच असतात. थायलंडमध्ये एटीएम दर खेपेला २०० बाटहून जास्त कापतं, म्हणून थोडे थोडे काढू नका. मशीननं ‘रुपयांत हिशोब करू का’ विचारलं तर नाही म्हणा, त्यांचा दर महाग असतो. बँकेला वडिलांचा नंबर जोडलेला असेल तर ओटीपी गावातल्या फोनवर येईल, तो आधी बदला.

विमानात सोबत न्यायची बॅग ७ किलोची, आणि वजन घरीच करा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. २०,००० एमएएचची चालते. ठेचा, लोणचं हातातल्या बॅगेत अडवतात.

नागपूरहून शारजामार्गे जाणाऱ्यांनी सावजी मसाल्याची पुडी घरीच ठेवावी. त्यात खसखस असते, आणि अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. सिंगापूरला खर्रा नेऊ नका, चघळायच्या तंबाखूला तिथं बंदी आहे.

तूर काढून मार्चमध्ये मोकळे होणाऱ्यांनी उत्तर थायलंडमधलं चियांग माई टाळावं. त्या दिवसांत तिकडं शेतं आणि जंगलं जळत असतात, डोंगर धुरात दिसत नाहीत.

पासपोर्ट अडकलाच तर नेपाळ आहे. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सोनौलीची सीमा. मतदार ओळखपत्र मूळ प्रत न्या. विमानानं जाणार असाल तर १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधार चालत नाही. आपले १०० रुपये म्हणजे त्यांचे १६०, याहून कमी देणाऱ्या दुकानात पैसे बदलू नका.