व्हीपीएन टाकून देता का?

मिरजेत आमचं मोबाईलचं दुकान आहे. दवाखान्यासाठी आलेले पेशंटचे नातेवाईक लॉजवर उतरतात, तिथलं वायफाय वापरतात आणि कुणीतरी सांगितलं म्हणून येऊन विचारतात, "व्हीपीएन टाकून देता का? हॅक व्हायला नको."

हॅकिंग त्याने थांबत नाही. खोट्या लिंकवर ओटीपी टाकलात, तर व्हीपीएन चालू असूनही पैसे जाणारच. होतं एवढंच, की फोनमधून जाणारा डेटा एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही असा होऊन, आधी व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून पुढे. तुम्ही कुठली साइट उघडली हे लॉजवाल्याला कळत नाही, पण व्हीपीएनवाल्याला कळू शकतं. म्हणून कंपनी बघून घ्या. ओनावो हे फुकटचं व्हीपीएन २०१३ मध्ये फेसबुकने विकत घेतलं आणि लोक कुठली अ‍ॅप वापरतात ते त्यातून बघत बसले. फुकटच हवं असेल तर मी प्रोटॉन टाकून देतो. सर्व्हर मोजके, पण डेटाला मर्यादा नाही.

कायदाही माहीत असू द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी (म्हणजे इंटरनेटवरचा कनेक्शनचा नंबर) ५ वर्षं जपून ठेवायचं. त्यावर एक्स्प्रेस, नॉर्ड, सर्फशार्क या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले.

आता सेटिंग. आधी ब्राउझरमध्ये 'व्हॉट इज माय आयपी' शोधा, येईल त्याचा स्क्रीनशॉट घ्या. व्हीपीएन चालू करा, वर किल्लीचं चिन्ह येईल. पुन्हा तपासा. इथे बरेच जण फसतात: जिओवर बहुतेक वेळा दोन आयपी दिसतात, एक ठिपक्यांचा छोटा, दुसरा कोलनवाला लांबलचक. छोटा बदलला आणि लांबडा तसाच राहिला, तर डेटा व्हीपीएनच्या बाहेरून गळतोय. ते अ‍ॅप काढून टाका.

अँड्रॉइडच्या व्हीपीएन सेटिंगमध्ये 'ऑलवेज-ऑन' आणि त्याखाली 'ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन' (व्हीपीएन नसेल तर नेट बंद) असतं. दुसरं चालू ठेवलं, तर लॉजच्या वायफायचं लॉगिन पान उघडायला अडतं. तेवढ्यापुरतं बंद करा, लॉगिन झालं की परत चालू.

बँकेची काही अ‍ॅप व्हीपीएनवर चालत नाहीत. व्हीपीएन अ‍ॅपमधल्या 'स्प्लिट टनेलिंग' या सेटिंगने त्यांना व्हीपीएनमधून वगळता येतं, पण 'ब्लॉक' चालू असेल तर वगळलेल्या अ‍ॅपला नेटच मिळत नाही. पैसे पाठवताना मी सरळ व्हीपीएन आणि वायफाय दोन्ही बंद करून मोबाईल डेटावर जायला सांगतो.