विहीर उन्हाळ्याआधीच का आटते? या चुका टाळा

आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात, होळी झाली की विहिरीचा तळ दिसायला लागतो आणि मग टँकरची चर्चा सुरू होते. खरं तर पाणी त्याच्या कितीतरी आधी, दिवाळी ते संक्रांत या काळात उपसून झालेलं असतं. सगळ्यात मोठी चूक तिथेच होते.

हिशेब करून पाहा. एका एकरात सहा सेंटीमीटर पाणी भरलं तर सुमारे २ लाख ४० हजार लिटर लागतं. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने हजार वस्तीच्या गावाला दिवसाला ५५ हजार लिटर पुरतं. म्हणजे एक एकर गव्हाच्या एका ओलितात गावाचं चार दिवसांचं पाणी जातं, आणि गव्हाला अशी पाच-सहा ओलितं लागतात. तरीही आपण विहिरीत डोकावून, ‘यंदा बरं आहे पाणी’ एवढ्याच अंदाजावर गहू पेरतो.

आमचे बाबा दोरीला फुटाफुटावर गाठी मारून, टोकाला दगड बांधून दर महिन्याला विहिरीत सोडायचे. जितक्या गाठी ओल्या, तितके फूट पाणी. आकडा मोटरघराच्या भिंतीवर कोळशाने लिहायचे. दिवाळीचा आकडा मागच्या सालापेक्षा कमी दिसला की त्या वर्षी गहू बंद, हरभरा. हरभऱ्याचं फुलं लागण्याआधी एक आणि घाटे भरताना एक, अशा दोन ओलितांत भागतं. फक्त काळ्या जमिनीला भेगा पडायची वाट पाहू नका. भेगाळलेल्या रानात पाणी सोडलं की ते भेगांतून खाली उतरतं आणि पीकही उमळतं, उभंच वाळून जातं.

दुसरी चूक खिशाला बसते. विहीर आटली की बोअर. पश्चिम विदर्भात जमिनीखाली बेसाल्टचा काळा पाषाण आहे. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत. जितकं खोल तितकं जास्त पाणी, हे इथे खरं नाही. हातावर नारळ ठेवून जागा दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवून आम्हीही बोअर मारला. ९० फुटांपर्यंत ओलसर तांबडा मुरूम निघाला, पाण्याची थोडी धारही लागली. त्यानंतर २८० फुटांपर्यंत नुसती राखाडी भुकटी. पिठासारखी अंगावर, पापण्यांवर बसत होती आणि आम्ही ‘अजून वीस फूट’ म्हणत राहिलो. पैसे फुटांवर मोजले जातात, पाण्यावर नाही. बोअरची गाडी लावण्याआधीच कुठे थांबायचं ते ठरवून ठेवा, आणि जागेसाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाचा सल्ला घ्या.

पुनर्भरणाचा, म्हणजे पावसाचं पाणी विहिरीत-बोअरमध्ये परत मुरवण्याचा, उत्साह चांगलाच. पण धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, गढूळ पाणी चर काढून थेट विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडू नका. गाळाने झरे बुजतात, शिवाय फवारणीचं औषध त्याच पाण्यासोबत आत जातं. घरावरच्या टिनाचं पाणी त्या मानाने स्वच्छ. ५०० चौरस फुटांच्या टिनावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर वाया जाणारं सोडून ९०० लिटर हाती येतं. पहिले एक-दोन पाऊस वाहून जाऊ द्या. पुढचं पाणी मोठे दगड, त्यावर गिट्टी, सगळ्यात वर रेती अशा खड्ड्यातून गाळून सोडा आणि दर मृगाआधी रेती बदला.

पाणी कमी झालं की पाणी शुद्ध करायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा अंदाजही चुकतो. पावसाळ्यात टाकायची तितकीच एप्रिलमध्ये टाकली तर पाण्याला उग्र वास येतो, मग लोक ते सोडून नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी पितात. तिथूनच गावात हगवण लागते. विहिरीचा व्यास आणि पाण्याची उंची मीटरमध्ये मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले उंची, त्याला ७८५ ने गुणलं की लिटर मिळतात. चार मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल तर २५ हजार लिटर. ताजी, चांगली पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे साधारण ६० ग्रॅम. पावडर पाण्यात कालवून वरची निवळी तेवढी टाका आणि अर्धा तास कोणाला पाणी भरू देऊ नका.

घरातले ड्रम आणि पाण्याचे गुंड झाकून ठेवा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून कूलरची टाकीही आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. ते पाणी संडासात वापरा. झाडांना घालू नका, त्यात क्षार उतरलेले असतात.