पिंग जातंय, पण काही साइट नुसत्या फिरत राहतात: माझा अनुभव

कोथरूडच्या घरी फायबर घेतलं, त्याला स्वतःचा राउटर लावला. स्पीड टेस्ट झकास, पण बँकेची आणि आणखी काही साइट 'कनेक्टिंग'वरच अडकायच्या. फोनच्या हॉटस्पॉटवर त्याच साइट लगेच उघडायच्या.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलला, राउटर रिसेट केला, केबल बदलली. फरक शून्य. अक्षरशः डोकं फिरायची वेळ आली होती.

कारण निघालं पॅकेटच्या, म्हणजे डेटाच्या एकेका गठ्ठ्याच्या, आकाराचं. इथरनेटवर (केबलच्या नेटवर्कवर) पॅकेट १५०० बाइटपर्यंत चालतं. पीपीपीओई (इंटरनेट कंपनीशी लॉगिन करून जोडायची पद्धत) त्यातले ८ खातं, उरतात १४९२. मोठं पॅकेट आलं की वाटेतला राउटर 'तुकडे करावे लागतील' असा आयसीएमपी निरोप (नेटवर्कमधली अडचण कळवणारा संदेश) उलट पाठवतो. समोरच्या सर्व्हरच्या फायरवॉलने (सुरक्षेसाठीच्या गाळणीने) तो निरोपच अडवला, तर सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. सरसकट आयसीएमपी बंद करणं मला म्हणूनच चुकीचं वाटतं.

आधी खात्री करा. पिंग (समोरून उत्तर येतं का ते बघणारी कमांड) मध्ये 'तुकडे करू नको' हा पर्याय लावून आकार १४७२ द्या. माझ्याकडे हे अडलं. मग १४६४ द्या, हे गेलं. त्यात हेडरचे (पॅकेटवरच्या पत्त्याच्या वगैरे माहितीचे) २८ मिळवा: १४९२.

आता राउटरमध्ये वॅन (बाहेरच्या इंटरनेट जोडणीचं) सेटिंग उघडा, एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४९२ करा. मग फायरवॉलमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेटमधल्या डेटाच्या आकाराला मर्यादा घालणं) चालू करा. आकडा मागितला तर १४५२ टाका (आयपीव्ही६ला, म्हणजे नव्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांना, १४३२). खरं काम हेच करतं, कारण जोडणी होतानाच सर्व्हरला लहान आकार कळतो. सेव्ह करून राउटर रीस्टार्ट करा.

बँकेची साइट लगेच उघडली.