रिटर्न दाबलं आणि भलतंच झालं: टेक्स्ट फील्डमधल्या या चुका टाळा

बग रिपोर्ट दोन वाक्यांचा होता. "युजरनेम लिहून एंटर मारलं की ते गायब होतं. परत लिहिलं तर स्क्रीनवर बरोबर दिसतं, पण लॉगिन होत नाही." माझ्या फोनवर मात्र सगळं सुरळीत. कारण मी एंटर मारतच नव्हतो, बोटाने खालचं पासवर्डचं फील्ड उघडत होतो. शेवटी वैतागून सर्व्हरला जाणाऱ्या युजरनेमची लांबी प्रिंट केली. नाव आठ अक्षरांचं, लांबी १७. आठ, मग एक न्यूलाइन (नवी ओळ सुरू करणारं न दिसणारं अक्षर), मग पुन्हा तीच आठ.

फील्ड दिसायला एका ओळीचं होतं, पण आतून अनेक ओळींचं. एंटर मारल्यावर कर्सर दुसऱ्या ओळीवर गेला, पहिली ओळ वर सरकून नजरेआड झाली, टेस्टरला वाटलं नाव पुसलं गेलं. त्याने परत लिहिलं. मी आधी घाईने दोन्ही टोकांची रिकामी जागा कापणारा ट्रिम लावून "दुरुस्त" म्हणून बग बंदही केला होता. न्यूलाइन मधोमध असल्यावर ट्रिम काय करणार!

एंटर किंवा रिटर्न या बटणाची मूळ अडचण अशी की ते दोन अर्थांनी वापरलं जातं. टाइपरायटरवर ते कॅरेज मागे आणायचं, म्हणून रिटर्न. आस्की या अक्षरांना आकडे देणाऱ्या जुन्या तक्त्यातही कॅरेज रिटर्नला १३ आणि लाइन फीडला १० असे दोन वेगळे आकडे आहेत. फोनवर हेच बटण कधी "नवी ओळ दे" म्हणतं, कधी "माझं लिहून झालं, पुढे चल". प्रत्येक फील्डसाठी या दोनपैकी काय हवं ते आपण ठरवायचं असतं. खालच्या बहुतेक चुका ते न ठरवल्यामुळे किंवा ठरवून सिस्टिमला अर्धवट सांगितल्यामुळे होतात.

(कोडमधली नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. पहिली दोन-तीन अक्षरं टाइप केलीत की एडिटर मूळ स्पेलिंग सुचवेलच.)

मॅक्सलाइन्स एक केलं म्हणजे फील्ड एका ओळीचं झालं, हा समज

वरचा बग याचाच. अँड्रॉइडच्या एडिटटेक्स्टला (लिहिण्याच्या फील्डला) इनपुटटाइप, म्हणजे आत कसला मजकूर येणार ते, दिला नाही तर ते अनेक ओळींचं धरलं जातं. मॅक्सलाइन्स फक्त उंची ठरवतं, आत किती ओळी साठतात त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हा गैरसमज पसरायला कारणही आहे. सिंगललाइन हा जुना गुणधर्म वापरू नका असं अँड्रॉइडचं डॉक्युमेंटेशन सांगतं. त्याऐवजी नुसत्या दिसणाऱ्या मजकुराला मॅक्सलाइन्स, आणि लिहिण्याच्या फील्डला इनपुटटाइप वापरा, असं ते म्हणतं. आपण पहिला अर्धा भाग वाचतो आणि टॅब बंद करतो.

इनपुटटाइप साधा टेक्स्ट किंवा ईमेल किंवा जे असेल ते द्या. मग एंटरच्या जागी पुढे जाण्याचं किंवा पूर्ण झाल्याचं बटण येतं.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे आयएमईऑप्शन्समध्ये (कीबोर्डला द्यायच्या सूचनांमध्ये) ॲक्शनसेंड, म्हणजे पाठवण्याचं बटण, दिलं, तरी कीबोर्डवर नव्या ओळीचा वाकडा बाणच दिसतो. इनपुटटाइपमध्ये टेक्स्टमल्टिलाइन असलं की सिस्टिम स्वतःहून एक खूण लावते, "एंटरला ॲक्शन देऊ नकोस" अशी. तुमची सूचना तिथे गुंडाळून ठेवली जाते. मजकूर दोन-तीन ओळींत मावायला हवा पण एंटरने पाठवलाही जायला हवा, असं असेल तर लेआउटमध्ये टेक्स्टमल्टिलाइन राहू द्या आणि कोडमधून सेटरॉइनपुटटाइप वापरून साधा टेक्स्ट द्या. दिसणं अनेक ओळींचं राहतं, कीबोर्डला मात्र एका ओळीचं फील्ड आहे असं वाटतं. जुगाड वाटेल, पण वर्षानुवर्षं चालतो आहे.

बटणावरचं नाव बदललं आणि काम झालं असं वाटलं

आयफोनवर रिटर्नकीटाइप डन केलं, निळं बटण आलं, दाबलं, कीबोर्ड ढिम्म. रिटर्नकीटाइप ही फक्त पाटी आहे. गो, नेक्स्ट, सर्च, सेंड, जॉइन, काहीही लावा, बटण दाबल्यावर काय करायचं ते आपणच लिहायचं. यूआयटेक्स्टफील्डसाठी ती जागा म्हणजे डेलिगेटमधलं (फील्डमध्ये काय घडलं ते ज्याला कळवलं जातं त्या ऑब्जेक्टमधलं) टेक्स्टफील्डशुडरिटर्न. तिथे रिझाइनफर्स्टरिस्पॉन्डर बोलावलं की कीबोर्ड खाली जातो.

या मेथडमधून ट्रू परत दिलं की कीबोर्ड आपोआप बंद होतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. पण कुणीतरी त्या फील्डला एडिटिंगडिडएंडऑनएक्झिट हा इव्हेंट जोडलेला असेल, तर मात्र कीबोर्ड आपोआप जातो. त्यामुळे एकाच फॉर्ममधलं एक फील्ड शहाण्यासारखं वागतं आणि शेजारचं नाही, असा चमत्कार दिसतो. स्टोरीबोर्डमध्ये (स्क्रीनच्या आराखड्यात) जोडण्या उघडून पाहा, सापडेल.

तपासायची पद्धत सोपी. शुडरिटर्नच्या पहिल्या ओळीत एक प्रिंट टाका. प्रिंट आलंच नाही तर डेलिगेट जोडलेला नाही. कोडमधून नंतर घातलेल्या फील्डच्या बाबतीत हे हमखास होतं. प्रिंट आलं पण कीबोर्ड गेला नाही, तर तुम्ही रिझाइन भलत्याच फील्डवर बोलावलंय, किंवा त्याच क्षणी दुसरं फील्ड फोकस, म्हणजे लिहिण्याचा कर्सर, स्वतःकडे घेतंय. कोणतं फील्ड सक्रिय आहे तेच कळत नसेल तर पूर्ण व्ह्यूवर एंडएडिटिंग बोलावून पाहा.

ट्रू की फॉल्स, हे नाणं उडवून ठरवणं

अँड्रॉइडच्या ऑनएडिटरॲक्शनमध्ये (कीबोर्डचं ॲक्शन बटण दाबल्यावर बोलावल्या जाणाऱ्या मेथडमध्ये) शेवटी काय परत द्यायचं, हे मी स्वतः बराच काळ अंदाजपंचे ठरवलंय. ट्रू म्हणजे "मी बघितलं, तू काही करू नकोस". म्हणजे ॲक्शननेक्स्टला ट्रू दिलंत तर पुढच्या फील्डवर फोकस जाणार नाही, ॲक्शनडनला ट्रू दिलंत तर कीबोर्ड तसाच राहील. फॉल्स दिलंत की सिस्टिम आपलं नेहमीचं काम करते. तुमचं काम फक्त किंमत नोंदवायचं असेल तर नोंदवा आणि फॉल्स द्या. सेंड, सर्च आणि गो यांच्या बाबतीत मात्र फॉल्स दिल्यावर कीबोर्ड मिटेलच याचा भरवसा नाही, तो तुम्हीच मिटवा.

हाच फास नव्या साधनांतही आहे, नुसतं नाव बदलून. जेटपॅक कंपोज या अँड्रॉइडच्या नव्या साधनात कीबोर्डॲक्शन्समध्ये ऑनडन लिहिलंत की नेहमीची कृती बंद पडते. ती हवी असेल तर आत डिफॉल्टकीबोर्डॲक्शन बोलवा. फ्लटरमध्ये (गूगलच्या ॲप बनवायच्या साधनात) ऑनएडिटिंगकम्प्लीट दिलंत की फोकस हलवण्याची जबाबदारी तुमची, तर ऑनसबमिटेड दिल्याने मूळ वागणूक बदलत नाही. नुसती किंमतच हवी असताना ऑनएडिटिंगकम्प्लीट वापरणं ही फ्लटरमधली फार वेळा दिसणारी चूक.

एकदा दाबलं, दोनदा गेलं

टॅबलेटला बाहेरचा कीबोर्ड जोडून वापरणाऱ्या माणसाकडून ही तक्रार येते, आणि आपल्या फोनवर ती कधीच दिसत नाही. लॉगमध्ये ती अशी दिसते:

ॲक्शन ०, इव्हेंट डाउन, संदेश पाठवला
ॲक्शन ०, इव्हेंट अप, संदेश पाठवला

स्क्रीनवरच्या कीबोर्डचं ॲक्शन बटण दाबलं की ऑनएडिटरॲक्शनला ॲक्शनचा क्रमांक येतो आणि इव्हेंट नल, म्हणजे रिकामा, असतो. खऱ्या कीबोर्डचं एंटर दाबलं की क्रमांक शून्य येतो आणि सोबत की-इव्हेंट असतो. बटण खाली जाताना तुम्ही ट्रू दिलंत, तर ते वर येतानाही तीच मेथड पुन्हा बोलावली जाते. ॲक्शन न बघता सरळ पाठवणारा कोड लिहिला की संदेश दोनदा जातो. उलट फक्त ॲक्शनसेंडच तपासला, तर खऱ्या कीबोर्डवर काहीच होत नाही. दोन्ही हाताळा: क्रमांक सेंडचा असेल तर पाठवा, क्रमांक शून्य, बटण एंटरचं आणि इव्हेंट डाउन असेल तरी पाठवा, अपला नुसतं ट्रू देऊन गप्प बसा.

यावर ऑनकीलिसनर लावून "सगळे एंटर पकडतो" म्हणू नका. स्क्रीनवरच्या कीबोर्डने की-इव्हेंट पाठवलाच पाहिजे असं बंधन नाही. एका कीबोर्डवर चालेल, दुसऱ्यावर नाही, आणि "कधीकधी" हा शब्द पुन्हा बग रिपोर्टमध्ये येईल.

आणि दुहेरी इव्हेंट नसला तरी माणूस दोनदा दाबतोच. नेटवर्क मंद असलं की तिसऱ्यांदाही. पाठवण्याचं काम सुरू असताना दुसरी विनंती घेऊ नका. बटण निष्क्रिय केलंत पण रिटर्नचा रस्ता उघडा ठेवलात, तर अर्धंच दार लावलंत. दोन्ही रस्ते एकाच फंक्शनमध्ये आणा आणि तिथेच अडवा.

फोकस जाणं म्हणजे रिटर्न नव्हे

आयफोनच्या टेक्स्टफील्डडिडएंडएडिटिंगमध्ये फॉर्म पाठवण्याचा कोड मी एका चालू ॲपमध्ये पाहिलाय. चाचणीत सुरेख चालत होता, कारण चाचणी करणारा प्रत्येक वेळी रिटर्न दाबून बाहेर पडायचा. खरा वापरणारा दुसऱ्या फील्डला हात लावतो, मागे जातो, आणि प्रत्येक वेळी अर्धा फॉर्म रवाना. फोकस कशामुळेही गेला तरी ही मेथड चालते. रिॲक्ट नेटिव्हमध्ये (जावास्क्रिप्टमधून ॲप बनवायच्या साधनात) ऑनएंडएडिटिंग आणि ऑनसबमिटएडिटिंग यांची अशीच गल्लत होते. पाठवण्यासाठी ऑनसबमिटएडिटिंगच हवं.

मोठ्या मजकुराच्या फील्डमध्ये न्यूलाइन शोधताना

आयफोनच्या यूआयटेक्स्टव्ह्यूला शुडरिटर्न नाही. तिथे शुडचेंजटेक्स्टमध्ये येणारा नवा मजकूर न्यूलाइन आहे का ते बघावं लागतं. तुलना अचूक करा: येणारा मजकूर न्यूलाइन इतकाच असेल तरच रिटर्न समजा. "न्यूलाइन आहे का कुठे" असं विचारलंत, तर कुणी चार ओळी पेस्ट केल्या की ॲप त्याला रिटर्न समजतं. पेस्ट केलेला मजकूर गिळला जातो आणि जुना अर्धवट संदेश निघून जातो.

माझं मत विचाराल तर लांब लिहिण्याच्या जागी रिटर्नला नवी ओळच देऊ द्या आणि पाठवायला वेगळं बटण ठेवा. पत्ता, तक्रार, टीप लिहिणाऱ्या माणसाला परिच्छेद पाडता आला नाही तर तो चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं.

ॲपमध्ये वेबव्ह्यू (वेबपेज दाखवणारी चौकट) असेल तर आणखी एक खड्डा आहे. जपानी किंवा चिनी लिहिणारा माणूस शब्दाचा पर्याय पक्का करायला एंटर दाबतो. कीडाउनमध्ये नुसतं एंटर तपासलंत तर त्याचं अर्धं वाक्य पाठवलं जातं. आधी इझकम्पोझिंग (शब्द अजून जुळतोय का ते सांगणारा गुणधर्म) बघा, आणि सफारीसाठी कीकोड २२९ आहे का तेही. बटणावरची पाटी बदलायला एंटरकीहिंट वापरा, पण तीही पाटीच.

कीबोर्डची उठबस

पहिल्या फील्डवरून दुसऱ्यावर जाताना कीबोर्ड खाली जाऊन परत वर येतो, स्क्रीन गचका खाते. आधी जुन्याचा फोकस काढायचा आणि मग नव्याला द्यायचा, ही प्रामाणिक पण अनावश्यक दुहेरी मेहनत. आयफोनवर थेट नव्या फील्डवर बिकमफर्स्टरिस्पॉन्डर बोलवा, जुनं आपोआप सुटतं. रिॲक्ट नेटिव्हमध्ये एका ओळीच्या फील्डला सबमिट केल्यावर फोकस सोडायची मुळातच सवय आहे. शेवटचं सोडून बाकीच्या फील्डना ब्लरऑनसबमिट फॉल्स द्या, नव्या आवृत्त्यांत त्यासाठी सबमिटबिहेवियर आहे. रिॲक्ट नेटिव्हच्याच स्क्रोलव्ह्यूमध्ये बटणाला पहिला स्पर्श फक्त कीबोर्ड मिटवतो आणि दुसरा बटण दाबतो, तेव्हा कीबोर्डशुडपर्सिस्टटॅप्स हँडल्ड करा.

फ्लटरमध्ये नेक्स्टफोकसने उडी भलतीकडेच जाते ती बहुधा पासवर्ड दाखवणाऱ्या डोळ्याच्या बटणामुळे. तेही फोकस घेऊ शकतं. त्याला रांगेतून वगळा किंवा पुढच्या फील्डचा फोकसनोड थेट द्या.

जिथे रिटर्नच नाही

आयफोनच्या नंबरपॅड, डेसिमलपॅड आणि फोनपॅडवर रिटर्न की नसते. शुडरिटर्नमध्ये कितीही सुंदर कोड लिहा, तो चालणारच नाही, आणि ओटीपीच्या स्क्रीनवर माणूस कीबोर्डखाली झाकलेलं बटण शोधत बसतो. इनपुटॲक्सेसरीव्ह्यूमध्ये (कीबोर्डच्या वरच्या जागेत) डन असलेली पट्टी लावा. स्विफ्टयूआयमध्ये (ॲपलच्या स्क्रीन बांधायच्या नव्या साधनात) आयओएस १५ पासून टूलबारला कीबोर्ड ही जागा देता येते. ओटीपीचे अंक ठरलेले असतात, त्यामुळे शेवटचा अंक आला की आपोआप पुढे जाणं सगळ्यात बरं.

स्विफ्टयूआयमध्येच दोन गोष्टी लक्षात ठेवा. टेक्स्टफील्डला उभा ॲक्सिस दिलात (म्हणजे ते खाली वाढू दिलंत) की रिटर्न नवी ओळ देतं आणि ऑनसबमिट गप्प राहतं. दुसरं, ऑनसबमिट फॉर्मवर लावलं तर आतल्या प्रत्येक फील्डच्या रिटर्नवर ते चालतं. आतल्या शोधाच्या फील्डमध्ये रिटर्न दाबल्यावर अख्खा फॉर्म पाठवला जात असेल तर त्या फील्डला सबमिटस्कोप लावा.

तपासताना

सिम्युलेटरमध्ये (मॅकवर चालणाऱ्या नकली आयफोनमध्ये) कीबोर्डच दिसत नसेल तर तो बहुधा मॅकच्या खऱ्या कीबोर्डला जोडलेला असतो. कमांड आणि के दाबलं की स्क्रीनवरचा येतो. नुसत्या मॅकच्या कीबोर्डवर तपासून पाठवलेल्या ॲपमध्ये नंबरपॅडची चूक कधीच दिसत नाही, कारण तिथे एंटर असतंच.

आणि एक काम राहतं जे मी त्या लॉगिनच्या वेळी विसरलो होतो. फील्ड दुरुस्त झालं तरी आधी साठलेल्या मजकुरात न्यूलाइन तशाच असतात. नोंदणीची स्क्रीनही त्याच फील्डवर बेतलेली होती, त्यामुळे काही खात्यांची नावं न्यूलाइनसकट साठली होती. त्या माणसांना दुरुस्तीनंतर लॉगिन करता येईना, कारण आता ती न्यूलाइन टाइपच करता येत नव्हती. डेटाबेसमधली ती नावं शोधून साफ केली, तेव्हा कुठे त्यांचं लॉगिन झालं.