अंतर वेगळं, फट वेगळी: रिअल अ‍ॅनालिसिसचं पहिलं वर्ष

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी रिअल अ‍ॅनालिसिसच्या (म्हणजे वास्तव संख्यांच्या काटेकोर अभ्यासाच्या) पहिल्याच चाचणीत मला वीसपैकी सहा मार्क पडले. प्रश्न साधा होता: १, १/२, १/३, १/४… या संचात सर्वांत लहान संख्या आहे का? मी लिहिलं, ‘आहे, पण ती फारच लहान असल्यामुळे लिहून दाखवता येत नाही.’ सरांनी शेजारी लाल पेनाने एकच शब्द लिहिला होता: ‘किती?’

आज मी एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेच्या मुलांना शिकवतो आणि दर वर्षी कुणीतरी हेच उत्तर घेऊन येतं. म्हणून तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगतो. अंशस्थानी १ असलेल्या शेजारशेजारच्या दोन अपूर्णांकांत काहीतरी अंतर असतंच. १/न आणि १/(न+१) यांच्यातलं अंतर १/(न×(न+१)); इथे न म्हणजे १, २, ३… यांपैकी कुठलीही संख्या. ते कितीही बारीक झालं तरी शून्य होत नाही. मग शून्यापासून उजवीकडे चालायला लागलं तर हे अपूर्णांक एकेक करून भेटायला हवेत, म्हणजे कुणीतरी पहिला भेटणारच. मला हा युक्तिवाद अगदी बिनतोड वाटत होता.

सरांनी फळ्याजवळ बोलावलं. म्हणाले, ‘शून्याहून मोठी कुठलीही संख्या सांग.’ मी ०.००३ सांगितली. त्यांनी १/३३४ लिहिलं. भागून पाहिलं तर ०.००२९९४… म्हणजे माझ्या संख्येच्या आतच. मी दशलक्षांश सांगितला, त्यांनी १/१०००००१ लिहिलं. ‘आता तू तुझा पहिला अपूर्णांक सांग.’ मी जो सांगेन त्याच्या छेदात एक मिळवला की नवा अपूर्णांक शून्याच्या आणखी जवळ! शून्याहून मोठी कुठलीही संख्या घ्या, तिच्याहून लहान १/न सापडतोच; याला आर्किमिडीजचा गुणधर्म म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम एवढंच.

तरी माझं समाधान झालं नव्हतं. ०.००३ एवढ्याशा जागेत अनंत अंतरं मावणार कशी? हे विचारलं ते बरं झालं, कारण त्यावर सरांनी जे दाखवलं ते अजून विसरलेलो नाही. त्यांनी अंतरांची बेरीज मांडली: १/२ + १/६ + १/१२ + १/२०… आणि प्रत्येक पद वजाबाकीत फोडलं: (१ − १/२) + (१/२ − १/३) + (१/३ − १/४)… मधलं सगळं एकमेकांत कटतं आणि बेरीज १ कडे जाते. १/३३४ पासून सुरुवात केली तर पुढच्या सगळ्या अंतरांची बेरीज बरोबर १/३३४ येते. अनंत अंतरं, प्रत्येकाला रुंदी, तरी ०.००३ मध्ये बसून वर थोडी जागा शिल्लक. म्हणून ‘क्ष पेक्षा लहान असे किती अपूर्णांक?’ याचं उत्तर क्ष शून्य असताना ‘एकही नाही’ आणि क्ष शून्याच्या जराही पुढे गेला की ‘अनंत’. मधे एक, दोन, तीन अशी पायरीच येत नाही. विचित्र वाटतं खरं, पण यात विसंगती नाही.

चूक खरी भाषेतली होती. ‘प्रत्येक गावाला एक पाटील आहे’ आणि ‘एक पाटील आहे, जो प्रत्येक गावाचा आहे’ यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. पण ‘प्रत्येक धन क्ष साठी त्याहून लहान १/न सापडतो’ याचं आपण बेमालूम ‘असा एक १/न आहे जो प्रत्येक धन क्ष पेक्षा लहान आहे’ असं करून टाकतो. एप्सिलॉन-डेल्टामध्ये (लिमिटच्या ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा सापडतो’ अशा व्याख्येत) अडखळणाऱ्या मुलांची वही उघडून पाहा, निम्म्या वेळा हाच गोंधळ सापडतो. मी त्यांना सिद्धता आधी मराठीत मोठ्याने वाचायला लावतो. इंग्रजीत पाठ केलेलं वाक्य उलटं झालं तरी लक्षात येत नाही. मराठीत लगेच कानाला खटकतं.

दुसरा गोंधळ ‘गॅप’ या शब्दाचा. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, ते वापरा: अंतर आणि फट. १/न वाल्या अपूर्णांकांना शेजारी असतात आणि शेजाऱ्यांत अंतर असतं. परिमेय संख्यांना (दोन पूर्णांकांचा भागाकार म्हणून लिहिता येणाऱ्या) शेजारीच नाहीत; कुठल्याही दोघींची सरासरी काढा, मधे तिसरी हजर. तरी त्यांच्यात फटी आहेत: वर्ग २ पेक्षा कमी असणाऱ्या धन परिमेय संख्या वर वर सरकत राहतात, पण त्या जिथे टेकायला हव्यात तिथे परिमेय संख्या नसते. वास्तव संख्यांना (संख्यारेषेवरच्या सगळ्या संख्यांना) शेजारीही नाहीत आणि फटीही नाहीत. १८७२ साली डेडेकिंड या जर्मन गणितज्ञाने ‘कट’ची (परिमेय संख्यांचे डावा-उजवा असे दोन भाग करण्याची) कल्पना मांडली ती या फटी बुजवण्यासाठीच. ‘०.९९९… आणि १ यांच्यात किती गॅप?’ असं कुणी विचारलं तर आधी विचारा, अंतर म्हणतोस की फट? अंतर शून्य आहे. ती एकच संख्या दोनदा लिहिली आहे.

अभ्यासाला बसलात की वहीच्या एका पानावर तीन संच लिहा: १/न वाले अपूर्णांक, ० ते १ मधल्या परिमेय संख्या (टोकं सोडून), आणि २ पेक्षा कमी वर्ग असलेल्या धन परिमेय संख्या. प्रत्येकापुढे सर्वांत लहान घटक, सर्वांत मोठा घटक, इन्फिमम (संचातल्या कुठल्याही घटकाहून मोठी नसलेली सर्वांत मोठी संख्या), सुप्रिमम (कुठल्याही घटकाहून लहान नसलेली सर्वांत लहान संख्या) भरा. पहिल्या संचाचं इन्फिमम ०, आणि ते संचात नाही. माझ्या त्या उत्तरपत्रिकेत एवढंच लिहायचं होतं.