मोठ्या संख्येचे मूळ अवयव पाडताना या चुका टाळा

नंदुरबारचा पिनकोड 425412. रोज कुठल्या ना कुठल्या फॉर्मवर लिहितो आपण, पण त्याचे मूळ अवयव पाडायला सांगितले की आठवी-नववीची मुलं हमखास अडकतात. उत्तर आधीच देतो: 2 × 2 × 3 × 3 × 3 × 3 × 13 × 101.

सगळ्यात जास्त घोळ 3 पाशी होतो. अंकांची बेरीज 18, म्हणून 9 ने भाग जातो, हे बरोबर. पुढे मुलं म्हणतात, 18 ला 27 ने भाग जात नाही, मग संख्येलाही जाणार नाही. हे चूक आहे. 10, 100, 1000 यांना 9 ने भागलं की दर वेळी बाकी 1 उरते, म्हणूनच बेरजेची कसोटी 3 आणि 9 ला चालते. 27 ने भागलं तर 10 ची बाकी 10 आणि 100 ची 19. तिथे ही कसोटी लावायचीच नाही. 999 ला मात्र 27 ने पूर्ण भाग जातो, तेव्हा उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून बेरीज करा: 425 + 412 = 837, म्हणजे 27 × 31. भाग गेला! 81 साठी सरळ भागाकार करा, 5252 येतात.

चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला. तिथला शिलालेख 1207 च्या सुमाराचा आहे. त्या खानदेशातल्या मुलांना कसोटी पाठ हवीच, पण ती का चालते हेही सांगता यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

4 ने भाग जातो, 6 नेही जातो, म्हणून 24 ने जाणारच, असंही धरून चालतात. शेवटचे तीन अंक 412. त्यांना 8 ने भाग जात नाही, मग 24 ने कसा जाईल? असा गुणाकार फक्त सहमूळ संख्यांचा, म्हणजे 1 शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या संख्यांचा करायचा.

शेवटी 1313 उरले की 3, 7, 11 ने भागून बघतात आणि मूळ संख्या म्हणून सोडून देतात. 1313 चं वर्गमूळ 36 च्या थोडं पुढे, म्हणजे 31 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायला हव्यात. इथे तर पुढच्याच पायरीला 13 आहे.

विभाजक मोजताना घातांकांची बेरीज करू नका. इथे 2, 3, 13 आणि 101 यांचे घातांक अनुक्रमे 2, 4, 1, 1. प्रत्येक घातांकात 1 मिळवून गुणा: 3 × 5 × 2 × 2 = 60.

जळगावच्या 425001 चा शेवटचा अंक 1, म्हणून ती पूर्ण वर्ग असेल का? अंकांची बेरीज 12. 3 ने भाग जातो, 9 ने जात नाही. पूर्ण वर्गाला 3 ने भाग गेला की 9 नेही जायलाच हवा. प्रश्न संपला.

आणि एक्सेलमध्ये पडताळत असाल तर 15 अंकांपर्यंतच. सोळाव्या अंकाच्या जागी ते शून्य टाकतं आणि विभाज्यता तिथेच चुकते.